विश्लेषण : एच-१बी मिळाला, पण करदाता म्हणून ‘निवासी’ कधी? विद्यार्थी व्हिसावरून नोकरीच्या व्हिसावर जाताना अमेरिकेत कर कसा भरायचा?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाचा किंवा मुलीचा एच-१बी मंजूर झाला, की इकडे घरी पेढे वाटले जातात. बहुतेकांच्या बाबतीत १ ऑक्टोबर ही तारीख ठरते. त्या दिवसापासून ‘विद्यार्थी’ हा शिक्का जातो आणि ‘कर्मचारी’ हा शिक्का लागतो. मात्र अमेरिकेचे प्राप्तिकर खाते, म्हणजे आयआरएस, व्हिसावरचा शिक्का पाहून निवासी ठरवत नाही. ते दिवस मोजते. त्यामुळे व्हिसा बदलूनही बहुतेक जण ते पूर्ण वर्ष ‘अनिवासी’च राहतात आणि पुढच्या १ जानेवारीला कोणतीही नोटीस न येता ‘निवासी’ होतात. नाशिक-सांगलीच्या बँकेत आईवडिलांच्या जोडीने असलेली मुदत ठेव अमेरिकेला कळवावी लागते, ती या दुसऱ्या तारखेपासून. पहिली तारीख सगळ्या घराला पाठ असते. दुसरीची आठवण सहसा कोणी करून देत नाही.

हा प्रश्न आताच महत्त्वाचा का?

‘ओपन डोअर्स’ अहवालानुसार २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थी होते. त्यांतील १ लाख ४३ हजारांहून अधिक ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतर मिळणाऱ्या प्रशिक्षणाच्या परवान्यावर नोकरी करत होते. एच-१बीच्या रांगेत प्रामुख्याने हाच वर्ग असतो.

सप्टेंबर २०२५मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हा या वर्गाची झोप उडाली होती. पुढच्याच महिन्यात अमेरिकी नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा विभागाने खुलासा केला, की देशात राहूनच विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांच्या अर्जांना हे शुल्क लागू नाही. परिणामी, भारतातून माणूस बोलावण्यापेक्षा तिथेच शिकलेल्याला घेणे कंपन्यांना कितीतरी स्वस्त झाले. ज्यांचा बदल ऑक्टोबर २०२५मध्ये झाला, त्यांच्यासाठी त्या वर्षाच्या विवरणपत्राची मुदत १५ एप्रिल २०२६ ही. नोकरीच्या धावपळीत नेमके हेच विवरणपत्र चुकते.

दिवस मोजायचे कसे?

अमेरिकेत करदाता निवासी आहे की नाही, हे ठरवणारी एक चाचणी आहे. चालू वर्षात किमान ३१ दिवस देशात असायला हवे. शिवाय चालू वर्षाचे सर्व दिवस, मागील वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्यामागील वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश यांची बेरीज १८३ किंवा त्याहून अधिक भरायला हवी. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला यात सूट असते. त्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतील दिवस मोजलेच जात नाहीत.

समजा, सांगलीची एक विद्यार्थिनी ऑगस्ट २०२२मध्ये एमएस करायला गेली. नंतर तिने ओपीटीवर नोकरी केली आणि १ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा एच-१बी सुरू झाला. विद्यार्थी म्हणून तिची २०२२ ते २०२५ ही चारच कॅलेंडर वर्षे झाली. म्हणून सप्टेंबरअखेरपर्यंतचे दिवस शून्य धरले जातात. मोजायचे दिवस उरतात ते ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरचे, म्हणजे ९२. बेरीज १८३पर्यंत पोहोचत नाही. म्हणून २०२५चे पूर्ण वर्ष ती अनिवासी. तिने फॉर्म १०४०-एनआर भरायचा आणि सूट घेतलेल्या दिवसांसाठी फॉर्म ८८४३ जोडायचा.

तिचा मामेभाऊ बारावीनंतर, ऑगस्ट २०२०मध्ये, पदवीसाठी गेला होता. त्याचाही एच-१बी त्याच दिवशी सुरू झाला. पण त्याची पाच वर्षे २०२४मध्येच संपली. २०२५ हे त्याचे सहावे वर्ष. त्याचे दिवस १ जानेवारीपासून मोजले जातात आणि तो पूर्ण वर्ष निवासी ठरतो. वर्षाचे पहिले नऊ महिने तो ओपीटीवर होता, याने फरक पडत नाही. त्याचा फॉर्म साधा १०४०.

इथे ‘पाच वर्षे’ म्हणजे साठ महिने नव्हेत. कॅलेंडर वर्षातला एक दिवसही पूर्ण वर्ष म्हणून मोजला जातो. २८ डिसेंबरला विमानातून उतरलेल्या विद्यार्थ्याचे एक वर्ष चार दिवसांत संपते. जानेवारीच्या सत्रासाठी डिसेंबरअखेरीस जाणाऱ्यांनी तिकीट काढताना याचा विचार केलेला क्वचितच आढळतो.

पगारातून कापले जाणारे ७.६५ टक्के

निवासी-अनिवासी हे एक घड्याळ झाले. दुसरे घड्याळ सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या कपातींचे. पहिलीचा दर ६.२ टक्के, दुसरीचा १.४५ टक्के, मिळून ७.६५. तेवढीच रक्कम कंपनीलाही भरावी लागते. एफ-१वरील अनिवासी विद्यार्थ्याला, ओपीटीच्या काळातही, ही कपात लागू नाही. एच-१बी सुरू झाल्या दिवसापासून ती लागू होते, मग प्राप्तिकरासाठी ती व्यक्ती अनिवासी असली तरी.

म्हणजे वरच्या उदाहरणातील विद्यार्थिनी २०२५च्या विवरणपत्रात अनिवासी आहे आणि तरीही १ ऑक्टोबरपासून तिच्या पगारातून ७.६५ टक्के कापले जाणे योग्य आहे. मामेभावाच्या पगारातून मात्र ते १ जानेवारीपासूनच कापले जायला हवे होते, कारण पाच वर्षांनंतर तो सवलतीतून बाहेर पडला.

गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. काही कंपन्यांचा पगार विभाग ओपीटीवरील कर्मचाऱ्याकडूनही ही रक्कम कापत राहतो. वार्षिक ८० हजार डॉलर पगार धरला, तर जानेवारी ते सप्टेंबरच्या ६० हजारांवर ही कपात ४,५९० डॉलर होते. रुपयांत चार लाखांच्या आसपास. ती परत मिळते. आधी कंपनीकडे लेखी मागायची आणि कंपनीने नकार दिला तरच आयआरएसकडे फॉर्म ८४३ आणि ८३१६ पाठवायचे. त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. वर्षअखेरीस मिळणाऱ्या डब्ल्यू-२ या कागदावरील चौकट क्रमांक ४ आणि ६ पाहिल्या, तरी कपात झाली की नाही ते कळते. उलट प्रकारात कंपनी ऑक्टोबरनंतरही कपात सुरू करायला विसरते. तेव्हा हातात येणारा जास्तीचा पगार ही भेट नसते, तो पुढे वसूल होऊ शकतो.

ओपीटीची ही सवलत काढून घ्यावी, अशी मागणी करणारी विधेयके २०२५मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडली गेली. सवलतीमुळे कंपनीला परदेशी पदवीधर स्वस्त पडतो, हा त्यामागचा युक्तिवाद. त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. पण नाण्याची दुसरी बाजू भारतीयांना अधिक बोचणारी आहे. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात या योगदानाबाबत करार नाही. त्यामुळे एच-१बीची सहा वर्षे पूर्ण करून कायमचा मायदेशी परतणारा अभियंता भरलेली रक्कम तिथेच सोडून येतो.

करारातील कलम २१ : फक्त भारतीयांना मिळणारी सवलत

अनिवासी व्यक्तीला अमेरिकेत सहसा प्रमाणित वजावट मिळत नाही. भारतीय विद्यार्थी याला अपवाद आहेत. भारत-अमेरिका यांच्यातील दुहेरी करआकारणी टाळण्याच्या १९८९च्या करारातील कलम २१(२)नुसार भारतातून गेलेला विद्यार्थी किंवा शिकाऊ उमेदवार ही वजावट घेऊ शकतो. २०२५साठी एकट्या व्यक्तीला ती १५,७५० डॉलर आहे. ८० हजार पगारावर २२ टक्क्यांच्या टप्प्यात याचा अर्थ सुमारे ३,४६५ डॉलरची बचत. वर्गातील चिनी किंवा कोरियन मित्राच्या सल्ल्याने फॉर्म भरणारा भारतीय विद्यार्थी ही रक्कम हातची घालवतो.

व्हिसा बदलण्याच्या वर्षाबाबत मात्र थोडी सावधगिरी हवी. कलमातील शब्द ‘विद्यार्थी’ असा आहे आणि शेवटचे तीन महिने ती व्यक्ती विद्यार्थी नसते. वर्षाचा मोठा भाग विद्यार्थी म्हणून गेल्याने वजावट घ्यावी, असे अनेक सल्लागार सांगतात. काही जण सावध पवित्रा घेतात. वजावट घ्यायचीच, तर फॉर्ममध्ये कराराचे कलम स्पष्ट नमूद केलेले असावे.

शेअर बाजारात हात घालणाऱ्यांसाठी एक खाचखळगा. अनिवासी असताना अमेरिकी बँकेतील ठेवींचे व्याज करमुक्त असते. पण वर्षात १८३ दिवस किंवा अधिक काळ प्रत्यक्ष देशात राहिलेल्या अनिवासी व्यक्तीला शेअर विक्रीच्या अमेरिकेतील नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागतो. निवासी ठरवताना जे दिवस मोजले जात नाहीत, तेच दिवस इथे मोजले जातात.

१ जानेवारीनंतर भारतातील खात्यांचे काय?

खरा बदल इथे आहे. सांगलीची विद्यार्थिनी २०२६मध्ये अमेरिकेतच राहिली, तर ती त्या वर्षासाठी निवासी होते. निवासी व्यक्तीच्या जगभरातील उत्पन्नावर अमेरिका कर लावते. भारतात करमुक्त असलेले एनआरई ठेवीचे व्याज तिथे करपात्र ठरते. पीपीएफचे व्याजही त्यात येते. भारतातील म्युच्युअल फंड तर अमेरिकी कायद्याच्या एका विशेष आणि कठोर वर्गात मोडतात. त्यांच्यासाठी फॉर्म ८६२१ लागतो आणि नफ्यावरील आकारणी साध्या शेअरपेक्षा जाचक होऊ शकते. नोकरी लागल्यावर उत्साहाने सुरू केलेली दोन हजारांची एसआयपी सीएच्या शुल्कातच संपण्याची शक्यता असते. भारतात त्याच उत्पन्नावर कर कापला गेला असेल, तर तो फॉर्म १११६द्वारे वजा करून घेता येतो. मात्र भारतीय बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचे असते आणि अमेरिकेला हिशेब जानेवारी ते डिसेंबरचा लागतो. बँकेकडून कॅलेंडर वर्षाचे विवरण वेगळे मागून घ्यावे लागते.

कर भरण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते खाती कळवणे. अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांमधील रक्कम मिळून वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, तर ‘एफबीएआर’ हा अहवाल भरावा लागतो. हा अहवाल आयआरएसच्या विवरणपत्राबरोबर जात नाही. तो ‘फिनसेन’ या वेगळ्या यंत्रणेकडे ऑनलाइन भरायचा असतो. मुदत १५ एप्रिल, आणि ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते.

१० हजार डॉलर म्हणजे ढोबळमानाने नऊ लाख रुपये. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीकडे भारतात नऊ लाख कुठून येणार, असा प्रश्न पडेल. उत्तर तिच्या वडिलांच्या पासबुकात असते. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत निवृत्तीचे पैसे, फंड, जमीन विकून आलेली रक्कम ठेवताना मुलीचे नाव जोडून ठेवण्याची पद्धत आहे. ‘उद्या आम्हाला काही झाले तर धावपळ नको’ हा हेतू. ठेवीवर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशी नोंद असते. एफबीएआरच्या दृष्टीने ही ठेव मुलीचीही असते. तिने त्यात एक रुपया घातलेला नसला तरी पूर्ण रक्कम कळवावी लागते. नुसते नॉमिनी म्हणून नाव असेल तर नाही. पैशांचे विमा मूल्य जमा होणारी एलआयसीची पॉलिसी आणि डीमॅट खातेही यात येते. सातबाऱ्यावरचे नाव, गावचे घर किंवा लॉकरमधील सोने येत नाही. घराचे भाडे येत असेल तर ते उत्पन्न म्हणून दाखवावे लागतेच.

अहवाल दिला म्हणजे त्या रकमेवर कर लागतो, असे नाही. हा गैरसमज दूर झाला तरी निम्मी भीती जाते. पण अहवाल न दिल्याचा दंड मोठा आहे. हेतुपुरस्सर नसलेल्या चुकीसाठीही कायद्यात १० हजार डॉलरपर्यंतचा दंड होता आणि महागाईनुसार तो वाढत गेला आहे. हा दंड प्रत्येक खात्यामागे की प्रत्येक अहवालामागे, यावर अनेक वर्षे वाद होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३मध्ये ‘बिटनर’ खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो अहवालामागे असल्याचा निकाल दिला. पाच-सहा ठेवींत पैसे विभागून ठेवणाऱ्या भारतीय कुटुंबांसाठी हा दिलासा किती मोठा होता, हे वेगळे सांगायला नको.

वर्षअखेरीस परदेशातील मालमत्ता ५० हजार डॉलरच्या किंवा वर्षभरात कधीही ७५ हजारांच्या वर गेली, तर एकट्या करदात्याला विवरणपत्रासोबत फॉर्म ८९३८ही जोडावा लागतो. आईवडिलांनी घरासाठी पैसे पाठवले आणि वर्षातील भेट एक लाख डॉलरपेक्षा जास्त झाली, तर फॉर्म ३५२०. त्या भेटीवर कर नाही, पण कळवणे आवश्यक.

अमेरिकेला कळणार कसे?

भारत आणि अमेरिका यांच्यात ‘फॅट्का’ करार जुलै २०१५मध्ये झाला. भारतीय बँका आणि फंड कंपन्या अमेरिकी करदात्यांच्या खात्यांची माहिती आपल्या प्राप्तिकर खात्यामार्फत तिकडे पाठवतात. केवायसी अद्ययावत करताना येणाऱ्या फॉर्ममध्ये ‘भारताबाहेर कोणत्या देशाचे करदाते आहात’ हा रकाना असतो. बहुतेक वेळा वडीलच ऑनलाइन फॉर्म भरतात आणि ‘फक्त भारत’ या पर्यायावर खूण करतात. मुलगी निवासी करदाती झाल्यानंतर ही खूण चुकीची ठरते.

शिवाय परदेशी गेलेल्या व्यक्तीने आपले साधे बचत खाते एनआरओमध्ये बदलून घेणे फेमा कायद्यानुसार आवश्यक आहे. परदेशात शिकणारे विद्यार्थीही रिझर्व्ह बँकेच्या दृष्टीने अनिवासी भारतीयच असतात. हे काम व्हिसा बदलण्याची वाट न पाहता पहिल्या वर्षीच व्हायला हवे होते. ते झाले नसेल, तर संयुक्त खात्यांचा विचार करताना तेही उरकून घेता येते. आईवडिलांच्या ठेवींतून मुलीचे नाव कमी करून तिला नॉमिनी करणे हा एक सोपा मार्ग आहे. मात्र तसे केले तरी ज्या वर्षात नाव होते आणि ती निवासी होती, त्या वर्षाचा अहवाल चुकत नाही.

लग्न आणि डिसेंबरची सुट्टी

अनिवासी व्यक्तीला पती-पत्नीचे संयुक्त विवरणपत्र भरता येत नाही. व्हिसा बदलण्याच्या वर्षी लग्न झाले असेल, तर ‘पहिल्या वर्षाची निवड’ नावाची एक तरतूद वापरता येते. त्यात वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांपुरते निवासी होण्याचा पर्याय स्वीकारून, जोडीदारासह पूर्ण वर्षासाठी निवासी म्हणून विवरणपत्र भरण्याची वाट खुली होते. त्यासाठी पुढच्या वर्षी दिवसांची चाचणी पूर्ण व्हावी लागते. ९२ दिवसांचा एक तृतीयांश धरता पुढच्या वर्षी १५३ दिवस भरायला हवेत, म्हणजे २ जून उजाडतो. तोवर फॉर्म ४८६८ भरून मुदत वाढवून घ्यावी लागते. संयुक्त विवरणपत्रात २०२५साठी ३१,५०० डॉलरची वजावट मिळते, पण भारतात नोकरी करणाऱ्या जोडीदाराचा पगारही अमेरिकी हिशेबात येतो. फायदा आकडे मांडल्याशिवाय कळत नाही.

सुट्टीचा मुद्दा किरकोळ वाटेल, तरी तो खिशाला लागतो. एच-१बी मिळाल्यावर पहिल्याच डिसेंबरात लग्नसराईसाठी भारतात आलेली व्यक्ती १५ जानेवारीला परतली, तर तिचे निवासीपण साधारणपणे त्या दिवसापासून सुरू होते. ते वर्ष ‘दुहेरी दर्जाचे’ ठरते आणि अशा वर्षात प्रमाणित वजावट मिळत नाही.

चूक आधीच झाली असेल तर?

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे टर्बोटॅक्ससारख्या लोकप्रिय सॉफ्टवेअरवर घाईने साधा फॉर्म १०४० भरणे. तिथे १०४०-एनआरची सोयच नाही. त्यामुळे अनिवासी असूनही निवासी म्हणून विवरणपत्र जाते आणि शिक्षण खर्चासारख्या, हक्क नसलेल्या सवलतीही घेतल्या जातात. परतावा जास्त येतो, मित्रांना तोच मार्ग सांगितला जातो. ही चूक फॉर्म १०४०-एक्सने दुरुस्त करता येते. जास्तीचा परतावा व्याजासह परत करावा लागतो. आयआरएसचे पत्र येण्याआधी स्वतःहून दुरुस्ती केलेली बरी, कारण पुढे नागरिकत्वाच्या अर्जात थकीत कराबद्दल थेट प्रश्न विचारला जातो.

एफबीएआर राहून गेला असेल, पण उत्पन्न दाखवून कर भरलेला असेल, तर कारण नमूद करून तो उशिरा भरण्याची वेगळी सोय आहे. उत्पन्नही दाखवायचे राहिले असेल, तर मार्ग निराळा आणि तिथे दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या सल्लागाराशिवाय पाऊल टाकू नये. राज्याचा प्राप्तिकर या सगळ्याहून स्वतंत्र असतो. टेक्सास आणि वॉशिंग्टनमध्ये पगारावर तो नाही. कॅलिफोर्नियात आहे आणि ते राज्य केंद्र सरकारचे करार मानत नाही.